मध्ये कोण उभं होतं

सोमवार, ९ जानेवारी

बाळ,

पार्सल परवा मिळालं. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या सहा पट्ट्या, पाठीला लावायच्या मलमाच्या दोन नळ्या, हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू एक, कापसाची गुंडाळी एक. गोळ्यांवर छापील किंमत पट्टीला बावीस, म्हणजे एकशे बत्तीस. मलम दोन्ही मिळून छत्तीस. चेंडू आणि कापसावर किंमत नव्हती, मी अंदाजे तीस धरली. तिकिटं अठ्ठावीसची. एकूण दोनशे सव्वीस, तुझ्या नावाने लिहून ठेवले आहेत. औषधांच्या दुकानात काम करतेस तर तुला काही सूट मिळत असेल, पण मी छापील किमतीनेच लिहिते. राग मानू नकोस.

खोक्यात चिठ्ठी नव्हती. मी खोकं उलटं करून झटकलं, आत घातलेला वर्तमानपत्राचा कागदही उलगडून पाहिला. त्यात कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाची बातमी होती. तीच दोनदा वाचली.

ह्यांची तब्येत आहे तशीच आहे. नोव्हेंबरात झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. डाव्या हाताने पेला धरतात, मान हलवून हो-नाही सांगतात. ज्या माणसाची हाक मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, तो आता तहान लागली तर खाटेच्या दांडीवर चमचा वाजवतो. देवाची इच्छा. मामाने तुला हे सगळं कळवलं, म्हणून ही पार्सलं येतात, हे मला ठाऊक आहे. मी मामाला विचारलं नाही, त्याने मला सांगितलं नाही. आपल्या घरात न बोलता बोलायची पद्धतच आहे.

लिहायचं कारण वेगळंच आहे. शाळेच्या मोठ्या बाई ह्यांना बघायला आल्या होत्या. जाताना जिन्यात थांबून म्हणाल्या, "वहिनी, मुली फायनलला गेल्यात. अकरा फेब्रुवारीला सामना. बाकावर शाळेतर्फे मोठं माणूस बसलं नाही तर खेळूच देत नाहीत, आणि खेळाचा नवा शिक्षक जूनशिवाय मिळायचा नाही. तुम्ही बसाल?"

"अहो, मी फक्त वही लिहिते," मी म्हटलं. "मला खेळातलं काय कळतं?"

"वीस वर्षं काठावर बसलेल्या माणसाला निदान पाणी कुठे खोल आहे ते तरी कळतं," म्हणाल्या, आणि माझं उत्तर न ऐकता जिना उतरल्या. मोठ्या बाई कशा आहेत, तुला ठाऊकच आहे.

गाठ पुन्हा त्याच निळ्या शाळेशी आहे. त्यांची पद्धत बदललेली नाही. बास्केट झाली की मागे पळत नाहीत, तिथेच अंगावर येतात. पूर्ण मैदानभर प्रेस. आपल्या मुलींना रेघेच्या आत पाऊल टाकायची चोरी. तू त्यांच्याशी खेळलेली आहेस. यावर काय करायचं असतं, ते मला चार ओळींत लिहून पाठवशील का? माझ्यासाठी नको, मुलींसाठी पाठव.

ह्यांना तुझा चेंडू दिला. डाव्या मुठीत धरून ठेवला आहे.

तुझी आई

*

शनिवार, २१ जानेवारी

बाळ,

उत्तर आलं नाही. टपालाचा भरवसा नाही, असं मी स्वतःला सांगते.

गेले दहा दिवस संध्याकाळी चार ते सहा मी शाळेच्या मैदानावर असते. तेवढा वेळ शेजारच्या काकू ह्यांच्याजवळ बसतात. बारा मुली आहेत. मला "वहीमावशी" म्हणतात, पाठीमागे आणखी काय म्हणत असतील देव जाणे. सगळ्यात उंच आहे तिला सगळे शिडी म्हणतात. चेंडू पुढे नेणारी आहे ती चणीने एवढीशी, पाच नंबर, तिला चिमणी म्हणतात. खातेही चिमणीएवढंच.

पहिल्या दिवशी शिडी म्हणाली, "मावशी, शिट्टी वाजवा ना, सर वाजवायचे."

"मला शिट्टी जमत नाही. मी टाळी वाजवीन."

"टाळी वाजवलीत तर आम्हाला वाटेल कौतुक करताय!"

"मग तेच समजा आणि थांबा," म्हटलं.

प्रेस कसा असतो हे मी त्यांना माझ्या भाषेत सांगितलं. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तुम्ही घराशी आलात, आणि दारातच दोघींनी वाट अडवली. पिशवी खाली ठेवू देत नाहीत, आत जाऊ देत नाहीत, वर घड्याळ लावलेलं. पाच सेकंदांत चेंडू बाहेरून आत टाकायचा, दहा सेकंदांत मधली रेघ ओलांडायची, नाहीतर चेंडू त्यांचा. घाबरलेलं माणूस भिंतीच्या कडेने पळतं. कडेने पळालं की कोपरा येतो, आणि कोपऱ्यात एका अंगाला रेघ, मागे रेघ, पुढे दोघी. इकडे आड, तिकडे विहीर.

मी दुसऱ्या फळीतल्या सातजणींना निळ्या शाळेच्या मुली व्हायला सांगितलं. पाचांवर सात. त्यांना भलताच चेव आला. अर्ध्या तासात चिमणीच्या हातून नऊ वेळा चेंडू गेला. नवव्या वेळी ती फतकल मारून खालीच बसली.

"मावशी, दोघीदोघी माझ्याच अंगावर का येतात? बाकीच्या चौघी काय पाहुण्या आल्यात?"

"आम्ही पुढे पळतो," शिडी म्हणाली. "सरांनीच सांगितलंय. चेंडू चिमणीकडे द्या आणि पुढे पळा."

"हो, म्हणजे मी मेले की पुढे हजर राहायला!"

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. मग मी पाणी प्यायला गेले. बाळ, हेच गाऱ्हाणं मी याआधी ऐकलेलं आहे, आणि कोणाच्या तोंडून ते तुला सांगायला नको.

नंतर मी टाळी वाजवून सगळ्यांना घरी पाठवलं. काही सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.

वहीची अजून तीच पद्धत. ह्यांनी आखून दिलेले तीन रकाने: वेळ, नंबर, आणि "शेवटचा हात". चेंडू गेला की शेवटी ज्या हातात होता त्या हाताच्या नावावर एक रेघ. ह्यांचं म्हणणं, हिशेब साधा ठेवला की भांडण होत नाही.

चार ओळी पाठव.

तुझी आई

*

गुरुवार, २ फेब्रुवारी

बाळ,

काल पुन्हा पार्सल आलं. फक्त मलम, दोन नळ्या. या खेपेला किंमत लिहीत नाही.

परवा ह्यांना दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, "बाई, दिवस मोजायचे नसतात, पण जवळच्या माणसांना कळवा." मी म्हटलं, जवळचं एकच माणूस आहे आणि ते लांब आहे.

आता जे लिहिते आहे ते आधीच लिहायला हवं होतं. सहा वर्षं झाली.

त्या फायनलचं पान मी काल उघडलं. तुझ्या सात नंबरपुढे चौदा रेघा आहेत. माझ्याच हातच्या. शेवटच्या तीन थोड्या वाकड्या आल्या आहेत, एवढाच काय तो फरक.

आदल्या रात्रीचं तुला आठवत असेल. जेवणं झाल्यावर ह्यांनी माझा बटणांचा डबा घेऊन टेबलावर डाव मांडला. एक बटण खाली, चार वर. तू म्हणालीस, "बाबा, मध्ये एक ठेवा. मी कोपऱ्यात अडकले तर देऊ कोणाला?" आणि हे हसले. "तू असताना मध्ये कोण कशाला? माझी पोर दोघींना पुरून उरेल." त्यात वाईट हेतू नव्हता गं. ह्यांना तुझा एवढा गर्व होता की तुला मदत लागेल हे ह्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं. मी भांडी आवरत होते. मला वाटलं होतं की पोरगी बरोबर बोलते आहे. पण मी भांडी आवरत राहिले.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत ह्यांनी माझ्या हातून वही घेतली आणि सगळ्यांसमोर वाचली. "चौदा. चौदा वेळा सात नंबर." मग आवाज चढला. "शाळेचा चषक तू एकटीने घालवलास." तू माझ्याकडे वळलीस. "आई, तू बरोब्बर मध्ये बसली होतीस. सांग ना ह्यांना. मध्ये कोण उभं होतं?"

मी म्हटलं, "मी फक्त लिहिते. मला खेळातलं काय कळतं."

खोटं बोलले. लिहिणाऱ्यांचं टेबल मधल्या रेघेसमोरच असतं. मैदानाची ती मधली जागा माझ्या पुढ्यात होती, आणि चौदाही वेळा रिकामी होती. इतकी रिकामी, की फरशीवर कोणाच्या घामाचा डाग पडला होता तो सामना संपेपर्यंत वाळताना मी पाहिला. चौघी पाठ फिरवून पलीकडे पळालेल्या, आणि तू कोपऱ्यात, दोघींच्या हातांमधून मान उंच करून कोणाला तरी शोधत होतीस. दर वेळी मी ते पाहिलं आणि खाली मान घालून रेघ ओढली. माझ्या वहीत "कोण नव्हतं" याला रकाना नव्हता.

का बोलले नाही, याचं एक कारण मी जगाला सांगत आले: बारा मुलींसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? दुसरं कारण मी देवाखेरीज कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, तू सतरा वर्षांची आहेस, तुझ्यापुढे सगळं पडलं आहे, तू विसरशील. ह्यांच्याजवळ मात्र तेवढं एकच होतं. म्हणून मी ह्यांना वाचवलं आणि तुझा बळी दिला. आठव्या दिवशी तू बॅग भरलीस तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही, आणि मी तुला वाटेत खायला डबा भरून दिला. डबा! जणू तू सहलीला चालली होतीस.

आणखी एक सांगायचं आहे. दुसरा झटका यायच्या आधी, रविवारी, ह्यांनी चमचा वाजवला. पाणी नको, औषध नको. बराच वेळ मला कळेना. शेवटी कपाटाकडे बोट करत राहिले, तेव्हा एकेक वस्तू काढून दाखवली, आणि बटणांच्या डब्याला मान हलवली. पांघरुणावर डाव्या हाताने बटणं मांडली. एक खाली, चार वर. एक बटण खाली पडलं, मी उचलून दिलं. मग वरच्या चारांतलं एक घेऊन ते हळूहळू खाली ओढत आणलं आणि मधोमध ठेवलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं. निजलेल्या माणसाचं रडणं तसंच वाहतं.

बाळ, तू येऊ शकत असशील तर ये. येणार नसशील तर ह्यांच्यासाठी एक ओळ लिही. मी वाचून दाखवीन. माझ्यावर राग ठेव, तो रास्त आहे, मी काही म्हणणार नाही. पण ह्यांना एक ओळ पाठव.

तुझी आई

*

रविवार, १२ फेब्रुवारी

बाळ,

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. वर माझं नाव, आत मात्र पहिली ओळ "पाच नंबरच्या मुलीस". मी कागद चारदा उलटसुलट केला. माझ्यासाठी काही नव्हतं, ह्यांच्यासाठीही नव्हतं. मग चिमणीला बोलावून तिच्या हातात दिला. ती मैदानावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागली, आणि मी तुझा आवाज चिमणीच्या तोंडून ऐकला.

"चेंडू झेलतानाच तोंड पुढे कर, भिंतीकडे पाहत झेलू नकोस. कोपऱ्यात जाऊ नकोस, तिथे तुला हाकलायचं, हाच त्यांचा डाव असतो. त्या पाच, तुम्ही पाच. दोघी तुझ्या अंगावर आल्या म्हणजे कोणीतरी मोकळी आहे, हे घाबरलीस तरी विसरू नकोस. दुसरी पोचायच्या आत चेंडू सोड. जी बाहेरून चेंडू टाकते तिने आत येऊन तुझ्या मागे थांबायचं. कोणी सापडलं नाही तर तिला परत दे. सगळ्यात उंच मुलीला पुढे पळू देऊ नका. तिने मधोमध, तुझ्याकडे तोंड करून उभं राहायचं, हात वर."

शिडी म्हणाली, "म्हणजे मी खांब!"

"खांबच हवाय, मला बांधायला," चिमणी म्हणाली आणि पुढे वाचू लागली. शेवटच्या ओळी अशा होत्या: "टाइमआउट खेळणाऱ्या मुलीला मागता येत नाही. तो बाकावरच्या माणसालाच मागावा लागतो. लागोपाठ दोनदा चेंडू गेला की मागायला लाव. ते माणूस गप्प बसेल. बसू देऊ नकोस."

चिमणीने वर पाहिलं. "मावशी, हे तुमच्याबद्दल आहे का?"

"हो," म्हटलं.

कालचा सामना सांगते. पहिल्या चार मिनिटांत निळ्या मुलींचे नऊ झाले, आपले दोन. पत्र पाठ असूनही सगळ्या आपापल्या जुन्या सवयीने पुढे पळाल्या. भीती वाटली की माणूस शिकलेलं विसरतं आणि सवयीचं करतं, हे मला कोणी सांगायला नको. लागोपाठ दोनदा चेंडू गेला. मी वही मिटली, बाकावरून उठले आणि टेबलापाशी जाऊन "टाइमआउट" म्हणाले. आवाजच फुटला नाही. लिहिणारे गृहस्थ म्हणाले, "बाई, पाणी हवंय का?" तेव्हा मी एवढ्याने ओरडले, की पलीकडच्या बाकावरचीही माणसं उठून उभी राहिली.

मुली भोवती आल्या. वीस वर्षांत सामना चालू असताना मी मुलींशी "पाणी प्या" याखेरीज काही बोलले नव्हते. मी शिडीचं मनगट धरलं. "तू मध्ये उभी राहा. तुझ्या नावावर एक गुण नाही चढला तरी चालेल. ही कोपऱ्यात मान वर करेल तेव्हा तिला तू दिसायला हवीस. बाकी मला काही नको."

मग चेंडू आत आला. दोघी धावल्या, चिमणीने त्यांच्या डोक्यांवरून पाहिलं, आणि शिडी तिथे होती. चेंडू मध्ये, मधून पलीकडच्या कडेला, तिथून थेट बास्केट. निळ्यांच्या चौघी मागेच राहिल्या, पुढे आपल्या तिघी आणि त्यांची एक. इतकं सोपं होतं गं. मला वाटलं होतं याचं काहीतरी मोठं शास्त्र असेल. वाचवायला कोणीतरी परत यायचं, एवढंच होतं.

एका गुणाने हरलो. शेवटचा चेंडू शिडीने टाकला, तो कड्यावर फिरून बाहेर पडला. ती रडत होती. चिमणी तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "अगं, त्या निळ्यांना धाप लागली होती, पाहिलंस? पाणी मागत होत्या पाणी!" सबंध सामन्यात चिमणीच्या हातून पाचदा चेंडू गेला. मी तिच्याकडे पाहिलं. सतराचीच आहे. तुझंही असंच होऊ शकलं असतं. हरूनसुद्धा घरी येऊन जेवली असतीस.

घरी आले, ह्यांना सगळं सांगितलं. एका गुणाने हरलो म्हटल्यावर ह्यांनी मान हलवली, जणू बरोबर आहे. मग मी तुझा कागद दाखवला. चिमणीने माझ्याजवळ ठेवायला दिला होता. ह्यांनी तुझं अक्षर ओळखलं. कागद डाव्या हाताने घेतला, छातीवर ठेवला, थोड्या वेळाने उचलला आणि मागची बाजू वर केली. मागे कोरं होतं.

पुढचं आज लिहवत नाही.

तुझी आई

*

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

बाळ,

हे गेले. मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. त्याच दिवशी तुला तार केली. दुकानात फोनही केला. कोणीतरी म्हणालं, "त्या आहेत, बोलावतो," मग बराच वेळ दुकानातली गिऱ्हाइकं ऐकू येत राहिली, आणि फोन बंद झाला. तू घेतला नाहीस की लाइन तुटली, मला माहीत नाही. आली नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. मामा रागावला आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. शाळेच्या बाराही मुली आल्या होत्या.

मागच्या पत्रात लिहवलं नाही ते आज लिहिते.

ह्यांनी तुझा कागद उलटा केला, मागे कोरं निघालं, आणि माझ्याकडे पाहत राहिले. मला ती नजर सोसवेना. मी म्हटलं, "थांबा, तुमचं पान वेगळं आहे. स्वयंपाकघरात राहिलं."

आत गेले. ओट्यावर दुधाच्या हिशेबाचा कागद होता, जानेवारीचा. तो घेऊन बाहेर आले, ह्यांच्या खाटेशी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि वाचलं.

काय वाचलं ते तुला सांगणं भाग आहे, कारण ते तुझ्या नावाने होतं. जसं आठवतं तसं लिहिते.

"बाबा, मध्ये कोणी नव्हतं. तुम्हालाही ते दिसलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही एकदा तसं म्हणाला असतात तर मी गेले नसते. पण आता राग उरलेला नाही. मी इथे बरी आहे, वेळेवर जेवते. अजून कधी कधी कुठे मैदान दिसलं की थांबून पाहते, आणि मुलींच्या चुका दिसल्या की तुमच्यासारखी तोंडातल्या तोंडात बडबडते. तुमची मुलगी."

एवढंच. देवाला स्मरून सांगते, आधी काही ठरवलं नव्हतं. बडबडण्याचं कुठून आलं कोण जाणे. ह्यांच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की काय होतं, मला सांगता येत नाही. मग डावा हात पुढे केला. कागद मागितला. नाही कसं म्हणू? दिला.

तो कागद ह्यांनी परत सोडला नाही. रविवार गेला, सोमवार गेला. अंग पुसताना मी काढायला गेले तर मूठ घट्ट केली. मंगळवारी सगळं आटोपल्यावर मी एकेक बोट उलगडून तो बाहेर काढला. "सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा, चार तारखेला खाडा", सगळं स्वच्छ माझ्या अक्षरात. ह्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. पण तुझं अक्षर ओळखलं होतं, तर माझं ओळखलं नसेल? डॉक्टरांना विचारावंसं वाटलं, की या दुखण्यात वाचता येतं का. जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. विचारलं नाही.

सहा वर्षांपूर्वी तुझी खरी गोष्ट मला ठाऊक होती, ती मी बोलले नाही. या खेपेला तुझी गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती मी बोलून टाकली. दोन्ही वेळा तुला विचारलं नाही. रोज देवासमोर बसते आणि काय मागावं ते सुचत नाही. क्षमा मागायची तर आधी कळायला हवं, की मी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले, की तुझ्या मनातलंच अजाणता बोलले. हे देवाला विचारून उपयोग नाही. ते तुझं तुलाच ठाऊक.

येण्याचा आग्रह करत नाही. औषधं आता पाठवू नकोस. मी ठीक आहे. मुलींना जूनपर्यंत कोणी नाही, म्हणून संध्याकाळी मैदानावर जाते.

फक्त एवढं कर. मी वाचलं ते पुन्हा एकदा सावकाश वाच, आणि त्यातलं काय खरं, काय खोटं ते मला सांग. माझी कीव करून काही लिहू नकोस. सगळंच खोटं असेल तर "खोटं" एवढा एक शब्द लिहिलास तरी चालेल. पण बाळ, उलट टपाली कळव.

तुझी आई